इम्युनिटी चांगली आहे, मग कुत्रं चावल्यावर इंजेक्शनं कशाला?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला परवा संध्याकाळी गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं, दोन दात लागले, थोडंसं रक्त आलं, घरात हळद लावली. सासरे म्हणतायत पोराची इम्युनिटी चांगली आहे, वर्षभरात साधी सर्दी झाली नाही, रोज गुळवेलीचा काढा घेतो, एवढी इंजेक्शनं कशाला टोचायची. मोठ्या मुलीला त्याच कुत्र्याचं नख लागलंय, तिचा रेबीजचा पूर्ण कोर्स दोन वर्षांपूर्वी झालेला आहे, तर तिला परत सगळं घ्यावं लागेल का. आणि शेवटी असंही विचारलंय की प्राण्यांकडून येणाऱ्या रोगांशी शरीर लढतं तरी कसं, कारण घरी तबेल्याचं दूध येतं आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येतं.

मी इथेच फिजिशियन आहे, इन्फेक्शनचे पेशंट रोजचे आहेत, म्हणून जरा लांब लिहितोय. पण ताई, अजून काही केलं नसेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि मुलाला घेऊन आत्ता सयाजी हॉस्पिटलला किंवा जवळ जिथे सोय असेल तिथे जा. रक्त आलंय म्हणजे ही कॅटेगरी तीन, चाव्याची सगळ्यात गंभीर पातळी, यात लसही लागते आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (व्हायरसला धरणाऱ्या तयार अँटिबॉडी) लागतं. साबण लावून धुतलं नसेल तर दोन दिवस झाले असले तरी धुवा, वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावू नका, त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरला नीट दिसत पण नाही.

आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचं म्हणणं सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही, मुलगा तब्येतीने चांगला असेलच. पण प्राण्यांकडून येणाऱ्या बऱ्याच रोगांमध्ये प्रश्न इम्युनिटी किती तगडी आहे हा नसतोच. प्रश्न असतो की तिला जंतू दिसला का, आणि दिसला तर वेळेत दिसला का. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं आपोआप जुळतं.

शरीराची पहिली फळी जन्मापासून तयार असते. पेशींवर आणि पेशींच्या आत काही रिसेप्टर असतात, बॅक्टेरियाचं आवरण किंवा व्हायरसचा आरएनए त्यांना लागला की काही तासांत इंटरफेरॉन (आजूबाजूच्या पेशींना सावध करणारं प्रोटीन) सुटतं, सूज येते, ताप येतो, पांढऱ्या पेशी धावतात. ही फळी झटपट आहे पण तिला बारकावे कळत नाहीत. दुसरी फळी बारकाईने ओळखते पण तिला वेळ लागतो. जखमेपाशी डेन्ड्रायटिक नावाच्या पेशी असतात, त्या जंतूचा तुकडा घेऊन जवळच्या गाठीत जातात (पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तीच गाठ), तिथे लाखो बी आणि टी पेशींमधून (पांढऱ्या पेशींचेच प्रकार) नेमकी जुळणारी शोधली जाते, तिच्या हजारो प्रती तयार होतात, मग अँटिबॉडी बनतात. पहिल्यांदाच भेटलेल्या जंतूसाठी या सगळ्याला साधारण आठवडा ते दोन आठवडे जातात. माणसातच फिरणाऱ्या जंतूंच्या बाबतीत आपल्याकडे बऱ्याचदा आधीची थोडीफार ओळख असते, लहानपणी भेटलेला असतो, आईकडून अँटिबॉडी आलेल्या असतात, लस झालेली असते. प्राण्यांमधला जंतू येतो तेव्हा ओळख बहुतेकदा शून्य असते. शिवाय तो जंतू घडलेला असतो कुत्र्याच्या, उंदराच्या, गाईच्या नाहीतर वटवाघळाच्या शरीरात, तिथे त्याचं बरं चाललेलं असतं, आणि आपल्या शरीरात आल्यावर एकतर तो दिसतच नाही नाहीतर उशिरा दिसतो आणि मग शरीर नको तेवढं भडकतं.

रेबीज हा न दिसण्याचा सगळ्यात भयंकर प्रकार. चावल्यावर लाळेतून व्हायरस स्नायूत येतो, काही काळ तिथेच थोडा वाढतो किंवा नुसता पडून राहतो, मग नस जिथे स्नायूला जोडलेली असते तिथून नसेत शिरतो आणि आतल्या आत मेंदूकडे सरकत जातो. रक्तात तो जवळपास येतच नाही. आपली सगळी गस्त रक्तात आणि गाठींमध्ये, आणि हा मंगळबाजारासारख्या गजबजलेल्या रस्त्याने न जाता आतल्या गल्लीबोळांतून निघून जातो, तर त्याला बघणार कोण? वर त्याच्याकडे एक प्रोटीन आहे, पी प्रोटीन म्हणतात, ते पेशीच्या आतला इंटरफेरॉनचा सिग्नलच दाबून टाकतं. आणि नसेच्या पेशी तो लगेच मारत पण नाही, पेशी मेली की आरडाओरडा होतो, पहारेकरी पेशी जमतात, तो आरडाओरडाच होऊ देत नाही. पुढे मेंदूत पोचल्यावर ज्या टी पेशी तिथे येतात त्यांनाच आत्महत्येचा सिग्नल मिळतो असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून लक्षणं सुरू होतात तेव्हा सुद्धा कित्येक पेशंटच्या रक्तात अँटिबॉडी सापडत नाहीत. पैलवान माणूस असो की गुळवेल पिणारा असो, त्याच्या शरीराला लढाई आहे हेच कळलेलं नसतं.

लक्षणं आल्यावर रेबीजमधून माणूस वाचत नाही, हे असंच्या असं समजून चला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये २००४ मध्ये वटवाघूळ चावलेली एक मुलगी लस न घेता वाचली, तिची गोष्ट सगळे सांगतात, तिला बेशुद्ध ठेवून औषधं दिली होती. पण त्या केसमध्ये दाखल झाली तेव्हाच तिच्या शरीरात अँटिबॉडी सापडल्या होत्या, म्हणजे तिच्या इम्युनिटीला कसा कोण जाणे वेळेत सुगावा लागला होता. तीच पद्धत नंतर बऱ्याच पेशंटवर वापरली, जवळजवळ कुठेच उपयोग झाला नाही.

पण रेबीजमध्ये आपल्याला एक मोठी संधी असते. चावल्यापासून लक्षणं यायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, चेहऱ्यावर किंवा हातावर चावलं तर कमी. आणि इम्युनिटीला शिकायला लागतात सात ते चौदा दिवस. लस म्हणजे मेलेला व्हायरस दंडात, लहान मुलाला मांडीत पुढच्या बाजूला देणं, जिथे डेन्ड्रायटिक पेशींना तो नक्की सापडेल. नसेतून जो दिसत नव्हता तोच इथे उघड्यावर आणून ठेवला. कुल्ल्यावर मात्र देत नाहीत, तिथल्या चरबीत लस पडली तर रिस्पॉन्स कमी येतो. कातडीत देतात त्या पद्धतीला डोस अगदी थोडा पुरतो, दोन जागी प्रत्येकी ०.१ मिलि, कारण कातडीत या पेशी खचाखच असतात. सरकारी दवाखान्यात बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी (पहिली लस घेतो तो ० दिवस), ती कमी दर्जाची वगैरे अजिबात नाही. स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच.

मग इम्युनोग्लोब्युलिन कशाला, तर मधला आठवडा-दीड आठवडा कोण सांभाळणार यासाठी. या तयार अँटिबॉडी असतात, माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेल्या, आता भारतात बनणाऱ्या मोनोक्लोनल (लॅबमध्ये तयार केलेल्या) पण मिळतात. त्या जखमेच्या आत आणि भोवती भराव्या लागतात, जिथे व्हायरस आहे तिथेच, नसेत शिरायच्या आधी त्याला धरायला. हे करताना मी बघतो की आईबापांचा जीव खालीवर होतो. पोटरीत जागा असते म्हणून तुमच्या मुलाला फार त्रास होणार नाही, पण बोटाच्या पेराला चावलेलं असतं तेव्हा सुई आत जाते आणि बोट पांढरं फटक पडायला लागतं, कातडी ताणली जाते, औषध थेंबाथेंबाने सोडावं लागतं, मूल किंचाळत असतं आणि बापाला त्याचा हात धरून ठेवायचा असतो. नेमक्या याच क्षणी बरेच जण म्हणतात डॉक्टर राहू द्या, नुसती लस द्या. राहू देऊ नका. कॅटेगरी तीनमध्ये लस वेळेवर घेऊनही जे दगावतात त्यांच्यात हे राहून गेलेलं किंवा सगळ्या जखमांत न भरलेलं बऱ्याचदा सापडतं. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागलेल्या असतात म्हणून देत नाहीत.

इंजेक्शनांची भीती घरातल्या मोठ्यांना का वाटते तेही मला माहीत आहे. त्यांनी पोटात बेंबीभोवती घेतलेली १४ इंजेक्शनं पाहिलीयत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये कसौलीला काढलेली पद्धत, आपल्याकडे ती २००५ च्या सुमारास पूर्ण बंद झाली. तिच्यात व्हायरसबरोबर मेंदूचा माल जायचा, नसांवरचं मायलिनचं आवरण जायचं, आणि काही लोकांची इम्युनिटी रेबीजसोबत त्या मायलिनविरुद्ध पण शिकायची आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करायची, पाय लुळे पडायचे. आजची लस पेशींच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर बनते, तो प्रकार तिच्यात नाही. आजोबांना हे नीट समजावून सांगा, त्यांची भीती त्यांच्या काळात खरी होती.

कुत्रं दहा दिवस बघायचं का, असंही लोक विचारतात. कुत्र्याच्या लाळेत व्हायरस येतो तो त्याला लक्षणं यायच्या थोडेच दिवस आधी, म्हणून चावल्यावर दहा दिवस ते ठणठणीत असेल तर त्या चाव्यात रेबीज नव्हता असं धरता येतं आणि डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. पण उपचार पहिल्या दिवशी सुरू करून बघायचं, बघून मग सुरू करायचं असं नाही. गल्लीतलं कुत्रं दहा दिवसांनी तेच आहे हे तरी कोण सांगणार.

आता पुराचं पाणी. बडोद्यात २०१९ ला आणि परत २०२४ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय, मगरींचे व्हिडिओ जगभर फिरले. माझ्या लेखी त्या पाण्यात मगरीपेक्षा उंदराची लघवी जास्त धोक्याची. लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पीळदार बॅक्टेरिया उंदराच्या किडनीत आरामात राहतो, उंदीर महिनोन्महिने लघवीतून सोडत राहतो आणि स्वतः आजारी पडत नाही. पायाला चीर असेल, पाण्यात फार वेळ उभं राहून कातडी भिजून मऊ झाली असेल, तिथून तो माणसात येतो. आणि इथे मला स्वतःला फार विलक्षण वाटणारी एक गोष्ट आहे. बॅक्टेरियाचं आवरण ओळखणारा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर घरातल्या छोट्या उंदरालाही आहे आणि आपल्यालाही आहे. उंदराच्या टीएलआर-४ ला लेप्टोस्पायराचं आवरण ओळखू येतं. माणसाच्या टीएलआर-४ ला ते येत नाही, रचना जराशी वेगळी आहे म्हणून तो कोराच राहतो. टीएलआर-२ या दुसऱ्या रिसेप्टरवरून थोडी खबर लागते, पण पहिले दिवस बॅक्टेरियाला मोकळं रान मिळतं, रक्तातून लिव्हर, किडनी, फुप्फुसं सगळीकडे पोचतो.

म्हणून या आजाराचे दोन टप्पे दिसतात. पहिला आठवडा बॅक्टेरिया रक्तात असतो, जोरात ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. मग अँटिबॉडी येतात, रक्त साफ व्हायला लागतं, ताप दोन-तीन दिवस उतरतो, घरचे म्हणतात सुटलो, आणि परत ताप चढतो, डोकं फुटायला येतं, मेंदूच्या आवरणाला किंवा डोळ्याला सूज येते. हा दुसरा टप्पा बराचसा आपल्याच इम्युनिटीच्या कारवाईतून येतो. आयजीएम टेस्ट (सुरुवातीच्या अँटिबॉडी शोधणारी) साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह यायला लागते, म्हणून तिसऱ्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून लेप्टो नाही असं कोणी म्हणाल तर थांबा. पुराच्या पाण्यातून चालल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला आधी पाण्याचं सांगा, अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर फरक पडतो. दक्षिण गुजरातेत, सुरत-नवसारी-वलसाडकडे, भातशेतीवाल्यांमध्ये हा आजार जुनाच आहे. आणि एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो असंही नाही, याचे २५० च्या वर प्रकार आहेत आणि एकाची अँटिबॉडी दुसऱ्याला फारशी धरत नाही.

तबेल्याच्या दुधाचं उत्तर सोपं आहे, चांगलं उकळा, दोन उकळ्या येऊ द्या, मग निर्धास्त प्या. पण त्यामागचा ब्रुसेला नावाचा जंतू इम्युनिटीच्या दृष्टीने तिसराच प्रकार आहे, तो लपतो थेट पहारेकऱ्याच्या पोटात. मॅक्रोफेज ही जंतू गिळून जिरवणारी पेशी, ब्रुसेलाला पण गिळते, पण तो तिच्या आत जिरवण्याच्या कप्प्यापर्यंत जातच नाही, वाट बदलून दुसऱ्या कप्प्यात घर करतो आणि तिथे वाढतो. त्याचं आवरण पहिल्या फळीला फार हलकं डिवचतं, म्हणून सुरुवात पण गाजावाजा न होता होते. बाहेर रक्तात अँटिबॉडी भरपूर, रिपोर्टवर आकडा मोठा, आणि जंतू आत, जिथे अँटिबॉडी पोचत नाही. इथे कामाच्या असतात टी पेशी, त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, त्याने मॅक्रोफेजला बळ मिळतं आणि आतला जंतू मरायला लागतो.

वाघोडिया रोडकडे दोन गाई पाळणारे एक गृहस्थ आले होते. संध्याकाळ झाली की ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली, वजन उतरलेलं, टायफॉइड म्हणून दोनदा औषधं झालेली. दूध उकळूनच पितो म्हणाले. मग विचारलं गाय कधी व्याली, तर म्हणाले दोन-अडीच महिन्यांपूर्वी, वासरू मेलेलं निघालं आणि जार अडकली होती, मीच हाताने काढली. हातमोजे नव्हते, बोटांना विळ्याच्या चिरा होत्या. तिथेच निदान अर्धं झालं. गाभडलेल्या गाईच्या जारेत हा जंतू अतोनात असतो. असं असलं की लॅबला आधी कळवावं लागतं, कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची टेस्ट) जास्त दिवस ठेवावं लागतं आणि लॅबच्या माणसालाही हा लागू शकतो. उपचार निदान सहा आठवडे, दोन औषधं मिळून, मणका धरला असेल तर आणखी लांब. पंधरा दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या की पेशीत लपलेले परत वर येतात. खरवस मात्र खुशाल खा ताई, तो चांगला वाफवलेला असतो, काळजी कच्च्या चिकाची आणि कच्च्या सायीची.

आता भडकण्याचा प्रकार थोडक्यात. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात साणंदकडे क्रिमियन काँगो तापाची भारतातली पहिली खात्रीची साथ सापडली, पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही त्यात गेले. हा गुरांच्या गोचिडीतून येतो, गुरांना त्याचं काही वाटतही नाही. यात जे दगावतात त्यांच्यात बऱ्याचदा अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात, आणि त्याच वेळी सूज वाढवणारे आयएल-६ आणि टीएनएफसारखे रेणू मात्र रक्तात उसळलेले असतात, रक्तवाहिन्या गळायला लागतात. म्हणजे पहिली फळी बेभान आणि दुसरी आलीच नाही. इथे इम्युनिटी आणखी वाढवून काय मिळणार? गुरांच्या अंगावरची गोचीड बोटाने चिरडू नका, एवढं तबेलेवाल्यालाही सांगा. बर्ड फ्लूच्या एच-५ प्रकाराचंही थोडंफार असंच, आपल्याकडे पहिल्यांदा नवापूरला २००६ मध्ये कोंबड्यांत आला. त्याला चिकटायला लागणारे रिसेप्टर माणसात फुप्फुसाच्या खोल भागात जास्त, म्हणून माणसाला सहज लागत नाही पण लागला तर थेट खोलवर न्यूमोनिया करतो.

प्राण्याचा जंतू आपल्या कामीही आलाय हं. गाईंच्या देवीचा व्हायरस माणसाच्या देवीशी इतका मिळताजुळता, की एक हलका आजार होऊन गेला की दुसऱ्या भयंकर आजाराची ओळख इम्युनिटीला आपसूक होते. एडवर्ड जेनर या इंग्लिश डॉक्टरने १७९६ मध्ये हेच वापरलं, मुंबईत १८०२ मध्ये पहिली लस टोचली गेली, आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं.

घरात कोणी स्टेरॉईडवर असेल, केमो चालू असेल तर चावल्याचं डॉक्टरला सांगताना हेही सांगा, त्यांच्या शरीरात लसीने पुरेशा अँटिबॉडी बनतीलच असं नाही, म्हणून रक्त न आलेल्या ओरखड्यालाही त्यांना इम्युनोग्लोब्युलिन देतात. थॅलेसेमियामुळे वगैरे प्लीहा काढलेली असेल तर कुत्र्याचा साधा चावा किंवा जखमेवर चाटणंही हलक्यात घेऊ नका, कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा बॅक्टेरिया असतो, रक्तातून त्याला गाळून काढायचं काम प्लीहेचं, ती नसेल तर एक-दोन दिवसांत माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. गरोदर बाईला रेबीजची लस चालते, टाळायची नाही.

राहिली तुमची मोठी मुलगी. तिच्या शरीरात मागच्या कोर्सच्या मेमरी पेशी आहेत, ओळख आधीच पक्की आहे, त्यामुळे आता लस दिली की अँटिबॉडी काही दिवसांतच उसळून वर येतात, मधली मोकळी वेळ उरत नाही. तिला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही आणि पूर्ण कोर्सही लागत नाही, फक्त दोन डोस, आज आणि आजपासून तीन दिवसांनी. मागच्या कोर्सचा कागद सापडला तर सोबत घेऊन जा. सापडला नाही आणि कोर्स पूर्ण झाला होता याची खात्री नसेल, तर तिलाही पहिल्यांदाच घेतेय असं धरून सगळे डोस द्यायला सांगा, आणि नखाने रक्त आलं असेल तर जखमेतलं इंजेक्शनही.